अर्थ घासून पाहावा

मु. राजापेठ, बडनेरा रस्ता, अमरावती
चैत्र वद्य पंचमी, शके १८५८

राजमान्य राजेश्री पंजाबराव पाहुणे यांस, मुक्काम तेल्हारा,

भगवंताचा रामराम पोचावा. इकडे आई, मी आणि बैलजोडी असे सर्व खुशाल आहोत. (जमुना, माझे कुटुंब, बाळंतपणाला अकोल्यास माहेरी गेली, तुमची ताई म्हणजे आमच्या वहिनी आणि शकुन तिकडे, त्यामुळे खुशाली कळवायला माणसे कमी पडतात. म्हणून बैल धरले.) तुमच्या गुडघ्याचे कसे आहे? तेल्हाऱ्याचे ऊन यंदा आमच्यापेक्षा कडक आहे असे मोटारवाले सांगतात, तरी दुपारी शेतात जाऊ नये. शकुनचा खोकला थांबला असेल. तिला सांगावे की काकाने तिच्या मोगऱ्याला रोज पाणी घातले आहे. (आठ दिवस घातले नाही. कारण पुढे येईल. मोगरा जिवंत आहे.)

हे पत्र वहिनींना तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून एक सोय करून ठेवतो. कंसातले तेवढे मनात वाचावे. शाळेत मी मुलांना सांगतो की कंस आधी सोडवावा. येथे कंस सोडून द्यावा. वर दोन कंस येऊन गेले आहेत, ते वाचले गेले असतील तर हरकत नाही.

तुमचे फाल्गुनातले पत्र पोचले. त्यात वहिनींचा निरोप तुम्ही त्यांच्याच शब्दांत लिहिला होता, ते बरे केले. "मोटार एक त चालू करा, नाई त अंगणातून काढा. मेल्यावाणी उभी राह्यते, मले पाहवत नाही. मंगच मी आखजीले येईन." हे मी आईला वाचून दाखवले. आई भाजी निवडत राहिली. सहदेवदादा गेल्यावरची ही पहिली आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्याच्या नावाची घागर भरायची आणि त्या दिवशी त्याच्या घरची माणसे घरात नसावीत, हे मलाही बरे वाटत नव्हते. तिवशाचे जिनवाले शेट मोटारीचे इंजिन विहिरीवर बसवायला मागत होतेच. मी 'हो' एवढे म्हणायचा अवकाश, त्यांची माणसे खटारा घेऊन येणार होती आणि वहिनींची अट पुरी झाली असती. पण ते माझ्याने म्हणवेना. तेव्हा दुसरी वाट एकच राहिली, की मोटार चालू करायची. आणि मोटारीतले मला काहीच कळत नाही.

तुम्हाला सगळे ठाऊक आहे तरी क्रमाने लिहितो, मास्तरकीची सवय आहे. दादाने ती मोटार जुनी घेतली, मागची बैठक काढून तिथे फळ्या ठोकल्या आणि संत्री, वांगी, झेंडू भरून तो पहाटे बाजारात जाऊ लागला, हे तुम्ही पाहिलेच आहे. तिच्यात ठिणगी पाडणाऱ्या चार लाकडी पेट्या होत्या. इंजिन चालू असले की त्या भुंग्यासारख्या गुणगुणत, म्हणून घरात सगळे त्यांना भुंगेच म्हणत. मागच्या वर्षी दादाने मुंबईहून पोस्टाने एक नवे यंत्र मागवले. त्याने चार भुंग्यांचे काम एकटीच करणारी एक काळी डबी बसवली. तिच्यावर टोपी, टोपीतून चार वायरी. ही डबी गुणगुणत नसे. आईला ते अजून पटलेले नाही. जी वस्तू काम करताना आवाज करत नाही ती काम करते कशावरून, असे ती म्हणते. (माझ्याबद्दलही ती असेच म्हणते.) जुन्या भुंग्यांची लाकडी खोकी चांगली म्हणून तिने दोन फोडून आतले डांबर खरवडले आणि त्यात मेथी आणि मोहरी ठेवली. त्यामुळे जुने परत बसवण्याचा मार्ग बंद झाला.

मार्गशीर्षात दादा अकरा दिवसांच्या तापात गेला. तेरावे झाले, वहिनी आणि शकुन तेल्हाऱ्यास गेल्या. मोटार अंगणात उभी होती. दादाने तिला रंग द्यायला हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणून ठेवला होता, तो तसाच होता. मी ठरवले की निदान हे तरी करू. शाळेतून आलो की मी रंग द्यायला बसे. एक एक वायर सोडवायची, खालचे लोखंड पुसायचे, रंग द्यायचा, वाळला की वायर पुन्हा जागच्या जागी लावायची. सोडवण्यापूर्वी प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधून नंबर घालत होतो, त्यामुळे चूक व्हायला जागा नव्हती. असे दहा दिवस केले. लोक भेटीला येत, मी रंग देत बसलेला दिसे. (कोणी कोणी म्हणत, भाऊ गेला त्याचे याला काही नाही. मला रडता येत नाही, पंजाबराव. रंग देता येत होता.) रंग फार सफाईने बसला. मग तुमचे पत्र आले, आणि मी हँडल मारायला गेलो.

हँडल फिरले, इंजिन हूं की चूं करीना. दादा मारी तेव्हा दुसऱ्या तिसऱ्या फेऱ्याला मोटार उठत असे. मी पहिल्या दिवशी चाळीस फेरे मोजले, दुसऱ्या दिवशी शंभर. आई म्हणाली, एवढं फिरवून राहिला त मोटेले लाव, वावराले पाणी तरी होईन. पेट्रोल आहे की नाही ते नाकाने पाहिले, आहे. बॅटरी पिठाच्या गिरणीवर नेऊन भरून आणली. दिवे लावून पाहिले, लखलखीत लागतात. म्हणजे वीज आहे. पेट्रोल आहे. मग काय नाही? माझ्या समजुतीने ठिणगी नाही. यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती, ती काढली. ती इंजिनाजवळ राहून तेलाने भिजली होती. पहिल्या पानावर खरेदीबद्दल आभार मानले होते, तेवढे वाचता आले. पुढे तेल होते.

ठिणगी पाहायची रीत मला ठाऊक होती, कारण दादा करताना मी पाहिली होती. प्लग खोलून काढायचा, त्याला वायर लावून तो इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवायचा आणि कोणाला तरी हँडल मारायला सांगून प्लगच्या तोंडाशी पाहायचे. निळी ठिणगी उडते. पण चैत्रातल्या उन्हात ती दिसत नाही. म्हणून मी घोंगडी घेतली, डोक्यावरून इंजिनावर पांघरली आणि आत वाकून पाहू लागलो. हँडल आई मारत होती. तेवढ्यात माणिकबाई आल्या. या आमच्या शेजारच्या मळ्यातल्या, झेंडूवाल्या. त्या मार्गशीर्षापासून लेकीकडे मूर्तिजापूरला होत्या, त्यामुळे भेटीला यायचे राहिले होते. आईने हँडल सोडले आणि त्या दोघी ओट्यावर बसल्या. माणिकबाईंनी विचारले असावे, मास्तर कुठे? मग त्यांना मोटारीवर घोंगडी दिसली आणि घोंगडीखालून माझे पाय दिसले. त्यांनी जो हंबरडा फोडला तो मी आतून ऐकला. "अवं मायबाई! भावाच्या मोटारीले मिठी मारून रडून राहिला वं लेकरू! अन् लोक म्हणत, याले काही नाही!"

आता मी बाहेर कसा येणार? बाहेर यावे तर डोळे कोरडे, हाताला ग्रीस, हातात प्लग. मी आतच राहिलो. माणिकबाई जवळ येऊन घोंगडीवरून माझ्या पाठीवर हात फिरवू लागल्या आणि सहदेवदादाच्या एकेका गोष्टीची आठवण काढू लागल्या. त्यांच्या फुलांच्या टोपल्या तो रोज बाजारात नेऊन देई. पावसात अडकल्या तर परत घ्यायला जाई. एकदा त्यांची शेळी व्यायला अडली तेव्हा त्याने तिला मोटारीत घालून ढोरांच्या डॉक्टराकडे नेले, आणि वाटेतच दोन पिले झाली. हे मला ठाऊक नव्हते. असे अर्धा तास चालले. आत अंधार होता. मी ठिणगी पाहत होतो. (नंतर थोडा वेळ ठिणगी पाहत नव्हतो.) माणिकबाई गेल्यावर आई म्हणाली, निंघ आता. मी निघालो. त्या दिवसापासून राजापेठेत माझ्याबद्दलचे मत पुष्कळ सुधारले आहे.

मग मला दादाची वही सापडली. मोटारीच्या पुढच्या बैठकीखाली पाने, पक्कड आणि एक वाळलेले संत्रे यांच्या तळाशी होती. दादा मराठी तिसरी शिकलेला. लिहिताना ऐकले तसे लिही, काना मात्रा ज्याची त्याने शोधून घ्यावी. त्यात मोटारीचे सगळे टिपलेले होते, तेल कधी घातले, चाक कुठे फुटले. एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते ते जसेच्या तसे उतरवतो: 'ठिणगी गेली तर घाबरू नये. पहिले अर्थ पाहाणे. अर्थ लागला नाही तर बाकी सगळं फुकट. हे भगवंताले सांगून ठेवाचं.'

पंजाबराव, हे वाचून मी बैठकीवरच बसून राहिलो. शाळेत चौथीच्या वर्गाला कवितेचा अर्थ सांगणे हे माझे काम, आणि खरे सांगायचे तर मी तो पाठीमागे छापलेला असतो तोच वाचून दाखवतो. मला गणित बरे. आणि तिसरी शिकलेला माझा भाऊ वांगी विकून आल्यावर हे लिहून ठेवतो. माणसाच्या आतली ठिणगी जाते तेव्हा त्याने घाबरू नये, आधी अर्थ पाहावा. आणि हे त्याला मला सांगायचे होते. सांगायचे राहून गेले. आम्ही दोघे एका ताटात जेवलो, पण आमच्यात बोलणे असे ते मिरची कशी आहे आणि पाळी कोणाची यापुढे कधी गेले नाही. त्याच्या मनात एवढे होते हे मला कळले नाही याचे मला फार वाटले. मी ते पान आईला वाचून दाखवले. आई म्हणाली, त्याले असं बोलता येत नवतं. मी म्हणालो, लिहिता येत होते.

ते पान मी शाळेत हेडमास्तरांना दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला. गुरुवारी मारुतीच्या देवळात भजन असते, तिथे बुवांच्या कानावर घातले. बुवांनी 'पहिले अर्थ पाहाणे' एवढ्या तीन शब्दांवर सव्वा तास निरूपण केले. ठिणगी म्हणजे जीव, मोटार म्हणजे देह, हँडल म्हणजे कर्म, आणि अर्थावाचून हँडल मारणाऱ्याची फजिती, हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. लोक फार हेलावले. (येत्या एकादशीला त्यांनी 'बाकी सगळं फुकट' यावर ठेवले आहे. पुढे काय झाले ते मी त्यांना अजून सांगितलेले नाही. तुम्ही अमरावतीस आलात तर तुम्हीही सांगू नये.)

यानंतर आठ दिवस मी मोटारीला हात लावला नाही. शाळेतून येऊन वही घेऊन बैठकीवर बसे आणि अर्थ पाहत असे. मोगऱ्याला पाणी घालायचे राहिले ते हेच दिवस. विचार केला तर पुष्कळ सुचे. दादा एवढे का राबला, शेवटच्या तापात त्याने दोनदा मोटारीचे नाव का घेतले, मी त्याच्यासाठी काय केले. पण उत्तर म्हणून दोन रेघा ओढाव्या असे काही निघेना. आखजी मात्र जवळ येत होती. तिवशाच्या शेटचा माणूस येऊन दारातून अंगणातले माप घेऊन गेला, खटारा आत वळेल की नाही म्हणून.

काल सकाळी चंद्रभान मिस्त्री आला. हा दादाचा मित्र, लॉरीवर असतो. लग्नसराईत वऱ्हाडे पोचवण्याच्या कामावर अकोटकडे निघाला होता, जाण्यापूर्वी आईला भेटायला म्हणून वाट वाकडी करून आला. मी वही घेऊन बैठकीवर होतो. त्याने मोटारीचे झाकण उघडले, आत पाहिले आणि मला विचारले, "मास्तर, ठिणगी नाही म्हंता. अर्थ पाह्यला का?"

मला वाटले आईने त्याला वहीचे सांगितले. मी म्हणालो, "तेच पाहतो आहे. आज आठ दिवस."

"मंग? लागला हाय ना?"

"थोडासा लागतो. पुरता लागत नाही."

"थोडा लागून काय कामाचा? पक्का पाह्यजे. ढिल्ला असन त नसल्यावाणीच."

मला त्याचे बोलणे पटले. मी म्हणालो, "दादाच्या मनात नेमके काय होते, कोणास ठाऊक."

"सहदेवभाऊच्या मनाचं काय काम हाय त्याच्यात?" चंद्रभान म्हणाला. "तुमी घासून पाह्यला का?"

"काय घासून?"

"अर्थ."

"अर्थ घासून कसा पाहणार?"

"पालिस पेपरनं!"

त्याने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले आणि आवाज उतरवून विचारले, "माय, मास्तर टायमावर जेवते ना?"

मी त्याला वही दाखवली. त्याने ते पान वाचले आणि म्हणाला, बरोबर लिवलं हाय, म्याच त सांगतलं होतं त्याले. मग त्याने माझा दंड धरून मला इंजिनाशी नेले. डबीच्या खालून वेणीसारखी विणलेली एक तांब्याची पट्टी निघते आणि इंजिनाला नटाने आवळलेली असते. तिच्यावर माझी चिठ्ठी अजून होती, नंबर सात. चंद्रभान म्हणाला, "हे अर्थ. इंजनाचं लोखंड म्हंजे गाडीची जमीन. वीज वायरीतून येते, ठिणगी पाडते, अन् ह्या जमिनीतून आपल्या घरी वापस जाते. वापस जाची वाट बंद असन त थे घरातून निंघतच नाही. दिव्याइची वाट निराळी हाय, म्हून थे लागतात."

जमीन म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. इंग्रजी दुसरीत आम्ही घोकले होते, अर्थ म्हणजे पृथ्वी, पृथ्वी गोल आहे. चंद्रभान लॉरीवाल्यांकडून तो शब्द शिकला, दादा त्याच्याकडून शिकला आणि ऐकला तसा त्याने लिहिला. काना मात्रेची एकही चूक नव्हती. चूक माझ्या शिकण्यात होती.

चंद्रभानने नट सोडवला, पट्टी उचलली आणि खाली बोट फिरवले. खाली हिरवा रंग होता, गुळगुळीत, दोन हात दिलेला. तो म्हणाला, "हा रंग कोनं लावला?"

"मी."

"अर्थाच्या खाली बी?"

"सगळीकडे. एक जागा सोडली नाही."

"रंगातून वीज जात नाही ना भाऊ. मोटार चांगली होती. तुमीच मारली मास्तर." आपल्याकडे बोलणे कसे सरळ असते ते तुम्हाला सांगायला नको. मग त्याला वाईट वाटले असावे. तो म्हणाला, रंग मात्र एक नंबर बसला, पेंटरले असा जमत नाही.

पालिश पेपर त्याने माझ्या हातात दिला आणि स्वतः बिडी पेटवून लांब बसला. मी घासायला लागलो. दहा दिवस जीव लावून दिलेला रंग होता. बोराएवढी जागा घासायची, पण वेळ लागला. खाली लोखंड उघडे पडले, पांढरे चकचकीत. त्यावर पट्टी ठेवून नट आवळला. चंद्रभान हँडलकडे गेला. मी घोंगडी घेतली नाही, (माणिकबाई त्यांच्या मळ्यात दिसत होत्या) त्याऐवजी वायर हातात धरली, म्हणजे ठिणगी असेल तर कळेल. चंद्रभानने ओरडून सांगितले, धरू नका, पण तोपर्यंत त्याचा हात फिरला होता. माझ्या कोपराला कोणी तरी आतून घण मारला असे वाटले आणि मी अंगणात बसलो. आई विहिरीवरून ओरडली, "लागला का रे?"

मी म्हणालो, "लागला."

मग वायर जागेवर लावून चंद्रभानने हँडल मारले. तिसऱ्या फेऱ्याला मोटार उठली. सारे अंगण थरथरायला लागले, कोंबड्या भिंतीवर चढल्या, आणि नव्या रंगाचा जळका वास सुटला. आई हात पुसत आली. ती मोटारीजवळ कधी जात नाही. काल गेली. झाकणावर तळहात ठेवून उभी राहिली, ताप पाहतात तशी. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, गरम झाली, आणि घरात गेली. चंद्रभान तिकडे तोंड करून बिडी ओढत होता. मी सात नंबरची चिठ्ठी काढली आणि वहीत घालून ठेवली. चंद्रभान गेल्यावर मी मोटार पाच वेळा बंद केली आणि पाच वेळा माझी मी चालू केली. पाचही वेळा उठली.

तरी वहिनींना कळवावे की अट पुरी झाली आहे. मोटार अंगणात उभी आहे, पण मेल्यासारखी नाही. तिवशाच्या शेटना नको म्हणून कळवले आहे. आखजीच्या आदल्या दिवशी वहिनी आणि शकुन यांना घेऊन तुम्ही यावे. तुमच्याकडील थोरांना माझा नमस्कार आणि पोरांना त्यांच्या वयाप्रमाणे पाढे विचारावेत.

आपला,
भगवंत

ता. क. एक अडचण लिहायची राहिली. मोटार चालू करता येते, पण मला ती चालवता येत नाही. चंद्रभान आखजीनंतर परतणार. हे मी वर लिहिले नाही, कारण वर लिहिले असते तर पुढचे तुम्ही धास्तीने वाचले असते. आता मुख्य विनंती. वहीत आणखी एक गोष्ट जागोजाग आहे, ती मी आधी वायरीबद्दल समजत होतो. 'व. ने बडनेऱ्याच्या फाटकापावतर नेली, एक डाव बी बंद पडली नाही.' 'व. वळणावर घाबरत नाही, मीच घाबरतो.' व. म्हणजे वायर, चांगल्या जातीची असावी, असे मी धरून चाललो होतो. अर्थाचा अनुभव आल्यावर काल पुन्हा वाचायला बसलो. एके ठिकाणी आहे, 'आज मोटार शेळीवर जाता जाता वाचली, व. लई हसली.' वायर हसत नाही. वच्छलावहिनींनी हे घरात कधी बोलून दाखवले नाही आणि दादानेही नाही, तेव्हा मी विचारतो आहे याचा राग मानू नये. माझा बेत असा, की दुपारच्या गाडीला मी मोटार घेऊन बडनेरा स्टेशनवर हजर राहीन. घेऊन म्हणजे पुढे बैल जुंपून. स्टेशनाबाहेर हँडल मारून चालू करून देईन. पुढे घरापर्यंत वहिनींनी आणावी. शकुन त्यांच्याजवळ बसेल, तुम्ही मागे फळ्यांवर, गुडघ्याखाली गवताची पेंढी ठेवतो. मी बैल घेऊन मागून येईन. लोक पाहतील. पाहू द्यावे, माझ्याकडे पाहायची त्यांना आता सवय झाली आहे. (परवान्याचे मी कोणाला विचारले नाही. विचारले की नाही म्हणतात.)

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आईने सगळे पत्र वाचून दाखवायला लावले. कंसांसकट वाचावे लागले. वहिनी मोटार चालवतात हे तिला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी वच्छलीच्या पदराले काळं तेल राहे, वांग्याले काळं तेल कवापासून निंघाले लागलं, असे म्हणाली. मग म्हणाली, "येवढं लंबं कावून लिवलं रे? मोटार चालू झाली नसती त म्या माह्या सुनेले घरी बलावलं नसतं का? लिव, वच्छला, तू ये. मोटार चालो का न चालो, तू ये. मले एकटीले घागर उचलत नाही." पाठपोट कागद भरला आहे, म्हणून हे कडेने उभे लिहिले. कागद आडवा धरावा आणि वहिनींना हे सगळ्यात आधी वाचून दाखवावे.